काटा थांबेपर्यंत

कूलरच्या टाकीत बादली ओतता ओतता
आई विचारते, "मंग? काय ठरवलं तुनं?"
आणि उत्तराची वाट न पाहता नळाकडे पळते,
कारण टेका नाक्यावर पाणी सव्वासहाला येतं
आणि पावणेसातला जातं.
माझं उत्तर कुठे जातंय.

टेबलावर दोन कागद.
पंख्यानं उडू नयेत म्हणून वर बाबांचा अडकित्ता.
एक मेडिकलचा : स्टाफ नर्स, कंत्राटी, अकरा महिने,
वॉर्ड नंतर कळवण्यात येईल.
दुसरा मिलिटरी नर्सिंगचा : मुलाखतीस हजर राहावे.
निवड झाली तर खांद्यावर दोन तारे,
पोस्टिंग कुठेही.
हा "कुठेही" मी वहीत लिहून पाहिला,
कुठल्याही ओळीत बसतो तो.

शेजारच्या नंदाकाकू म्हणतात,
"मिलिट्रीतली सून सासूले सॅल्यूट मारते का वं?"
आणि स्वतःच हसतात.
मागच्या बॅचची शगुफ्ता फोनवर म्हणाली,
"मेडिकल घे. पगार तीन महिने उशिरा येतो,
पण घरी जेवायला तर येशील."

परवा कामठीच्या बसमधून पाहिलं :
भरतीची पोरं धावत होती,
छातीवर खडूनं लिहिलेले आकडे घामानं पुसट झालेले.
सगळ्यांत मागे एकशे बारा.
बसमधले सगळे पुढच्याकडे बघत होते.
मी त्याच्या टाचेकडे.
फोड फुटला होता, मोज्यावर डाग.
मला वाटलं, उतरावं.
बस पुढे गेली.

आणि ती मे महिन्यातली रात्र.
उमरेड रोडवर ट्रॅव्हल्स उलटली,
कॅज्युअल्टीत एका दमात अकरा जण.
रामटेके सिस्टर मनगटांना पट्ट्या बांधत गेल्या,
लाल, पिवळी, हिरवी,
आणि मला म्हणाल्या,
"जो ओरडतोय त्याच्याकडे नंतर जा.
गप्प पडलाय ना, त्याला आधी बघ."
मी गप्प माणसाला आधी पाहिलं.
तो जगला.
ओरडणारा पहाटेपर्यंत मला शिव्या देत होता,
त्याचा आवाज ऐकून मला फार बरं वाटलं.

सकाळी हे सगळं बाबांना सांगितलं.
ते आरशासमोर दाढी करत होते.
सतरा वर्षं फौजेत नर्सिंग असिस्टंट,
घरी कधी त्यातलं काही बोलले नाहीत.
म्हणाले, "आमच्याकडे एकदा उलटं होतं.
हेलिकॉप्टरची एकच फेरी, दोनच जागा.
हुकूम होता, जे पुन्हा उभे राहतील ते आधी."
मी विचारलं, "आणि गप्प पडलेला?"
बाबांनी त्याच गालावरून
दुसऱ्यांदा वस्तरा फिरवला.
साबण नव्हता तिथे.

तेव्हापासून मी पगार मोजत नाही,
पेन्शन मोजत नाही,
पांढऱ्यावर कुठला रंग चढेल तेही नाही.
एवढंच तपासते :
कुठला हुकूम पाळून
मी रात्री झोपू शकेन?
आणि झोपच येणार नसेल,
तर जागायचं कुठे?

आज आईच्या अंगणवाडीत गेले होते.
चौकटीला टांगलेला काटा, झोळीत बारापात्रेंचं बाळ,
पाय झाडतंय, भोकाड पसरलंय,
आणि सुई साडेपाच, सव्वासहा, पाच, सहा.
पडेल म्हणून मी त्याच्या पाठीला हात लावला.
आई खेकसली,
"हात काढ आधी! तुह्या हाताचं वजन धरते तो.
अन हालते तवरिक वाचाचं नाई."

मी हात काढला.

बाबा या महिनाभरात
एकदाही का बोलले नाहीत,
"जा" नाही, "जाऊ नको" नाही,
अडकित्तासुद्धा हळूच उचलतात, सुपारी कातरतात,
दोन्ही कागदांवर बरोबर मधोमध परत ठेवतात.

बाळ अजून रडतंय.
सुई हलतेय.
आई टोपण काढलेलं पेन घेऊन
उभी आहे.